खुर्ची आली आणि मी शेडात गेले

मित्रांनो, मला जुनी म्हणा, मी रागावणार नाही. मोडकी म्हणणार असाल तर मात्र आधी येऊन माझ्यावर बसून बघा. मी बाज आहे. बाभळीच्या लाकडाची, काथ्याच्या दोरीने विणलेली, चार खुरांवर उभी. नाशिकला लागून असलेल्या मखमलाबादच्या शिवारात, फुलशेती करणाऱ्या एका घरात माझं सगळं आयुष्य गेलं. ते आज तुम्हाला सांगते. त्यात माझा चांगुलपणा थोडा आहे आणि मत्सर जास्त. मत्सर झाकून सांगायला मला जमणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

बांधावरची बाभूळ वादळात आडवी झाली, तिच्यातून धोंडीराम सुताराने मला घडवलं. घरातली सून रंगूबाई तेव्हा पहिल्या खेपेची गरोदर होती, दिवस भरत आले होते. सुतार म्हणाला, "आठ दिवसांत देतो." रंगूबाईची सासू म्हणाली, "पोर काय तुझ्यासाठी थांबणार हाय का?" पाचव्या दिवशी मी तयार झाले आणि सहाव्या दिवशी माझ्यावर बाळंतीण झोपली. पुढे रंगूबाईची चारही बाळंतपणं माझ्यावर झाली. खाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओव्याची धुरी, आणि मधे मी. एवढी धग सोसून एकदा तरी कुरकुरले असेन तर शपथ.

मुलं मोठी झाली तशी मला अंगणात चिकूच्या सावलीत आणून ठेवलं. मग काय विचारता! तलाठी बसले, जावई बसले, फुलांचे व्यापारी बसले. पण खरी वर्दळ बायांची. रंगूबाई झेंडूची टोपली घेऊन माझ्यावर बसली, की कुणीतरी हळूच येऊन शेजारी टेकायची. कुणाला नवरा मारायचा, कुणाची लेक परत आलेली, कुणाचा मुलगा घर सोडून गेलेला. बाई रडायला लागली तरी रंगूबाई मान वर करत नसे. हारातलं पुढचं फूल ओवायची. रडणं संपलं की म्हणायची, "झालं? आता तोंड धू. उद्या मी येते तुझ्या सासूकडं. भांडायला नाय, चहाला. चहा पिता पिता भांडते."

रंगूबाई शाळेत गेली ती दुसरीपर्यंत. पण पंचक्रोशीतली कुठलीही बाई अडली की तिच्याकडे यायची, म्हणजे माझ्याकडे यायची. मला तरी तसंच वाटायचं.

धाकट्या ललितचं लग्न झालं आणि दीपमाला घरात आली. तिचं माहेर नाशिक रोडचं, वडील तिथल्या प्रेसमध्ये नोकरीला. शहरात वाढलेली, बी. ए. झालेली. पण पहाटे फुलं तोडायला उभी राहायची, उजाडायच्या आत फुलबाजारात माल पोचवायची. दुपारी माझ्यावर बसून हार ओवायला तिला रंगूबाईने शिकवलं. हात चांगला होता तिचा. मला ती आवडायची, खोटं का बोलू?

मग एके दिवशी माझ्यावरच बसून ती म्हणाली, "आई, मला पुढं शिकायचंय. समाजकार्यात, एम. एस. डब्ल्यू."

"त्यात काय शिकवतात?"

"लोकांच्या अडचणी नीट ऐकायच्या कशा, आणि मदत करायची कशी."

रंगूबाईचा दोरा थांबला. "ऐकायला शिकवतात? का, तुझ्या कानाला काय झालंय?"

ललितला हसू आलं, ते त्याने खोकून लपवलं.

"कॉलेज फक्त शनिवार-रविवार, गंगापूर रोडला," दीपमाला म्हणाली. "बाकी दिवस संध्याकाळी लॅपटॉपवर तास. नोकरी करणारे, घर सांभाळणारे अशाच लोकांसाठी आहे ते. बाजाराचं काम सुटणार नाही, आई."

"म्हंजे अर्धं कॉलेज गंगापूर रोडला आन् अर्धं माझ्या पडवीत." रंगूबाईने दाताने दोरा तोडला. "कर. दोन वर्षं पहाटेचा तोडा मी बघते. पण गुडघे माझे हायेत, कॉलेजाचे नाय. तिसरं वर्ष लागलं, तर टेबल, वह्या, समदं बाहेर. परत त्या शाळेचं नाव काढायचं नाय. मंजूर?"

"मंजूर."

महिनाभरात पडवीत टेबल आलं. त्याच्यासोबत पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची आली. त्या दोन्हींना जागा हवी म्हणून पडवीतलं सामान अंगणात आलं, आणि अंगणातली मी शेडात गेले. माझ्यावर फुलांचे प्लॅस्टिकचे कॅरेट रचले. एकावर एक, सहा.

मित्रांनो, तेव्हापासून मी जळायला लागले. त्या लॅपटॉपला दीपमाला रोज पिवळ्या मऊ फडक्याने पुसायची. माझ्या दोऱ्यांत दहा वर्षांच्या वाळक्या पाकळ्या अडकल्यात, कुणी एक फुंकर तरी मारली का? त्या खुर्चीचा तर मला भारी राग. चार पाय आहेत म्हणून स्वतःला आमच्यातली समजते. उन्हात ठेवा चार वर्षं, मग बघू. आणि सगळ्यांत जास्त राग त्या पदवीचा. चाळीस वर्षं मी ऐकलं. किती बाया रडल्या माझ्यावर, एकीचंही गुपित माझ्या दोरीतून गळलं नाही. मला कुणी कागद दिला? आता ही दोन वर्षं पैसे भरून ऐकायला शिकणार, आणि हिच्या नावापुढे तीन अक्षरं लागणार!

रंगूबाईचंही तसंच होतं. दुपारी ती शेडात यायची, कॅरेट थोडे सरकवून माझ्या कडेवर टेकायची आणि पुटपुटायची. "'ॲक्टिव्ह लिसनिंग' म्हणं. मी काय झोपून ऐकत व्हते?" आम्ही दोघी मिळून जळायचो. एकटीने जळण्यापेक्षा ते बरं असतं.

दुसरं वर्ष लागलं. दिवाळी झाली आणि शेवंतीचा तोडा सुरू झाला. पेठकडच्या डोंगरातून पुंजा आणि त्याची बायको भागीबाई कामाला आले आणि वावराच्या कडेला खोपी करून राहिले. दीपमालाला कॉलेजकडून काम मिळालं होतं. अडचणीत असलेल्या एका माणसाला पुन्हा पुन्हा भेटायचं, त्याचं ऐकायचं, मदत करायची आणि ते सगळं लिहून काढायचं. याला म्हणायचं 'केस', आणि ती तोंडी परीक्षेला दाखवायची. दीपमालाने भागीबाईला निवडलं, कारण भागीबाई रोज वाळत चालली होती.

शेडातून मला अंगण दिसतं. दीपमालाने पांढरी खुर्ची चिकूखाली आणली, भागीबाईला तिच्यावर बसवलं. स्वतः समोर दुसरी घेतली. कपबशीतून चहा दिला. मग मांडीवर फाइल उघडून गोड आवाजात विचारायला लागली.

"भागीबाई, झोप लागते का?"

"लागतीय."

"जेवण जातं का?"

"जातंय. काय नाय वैनी, समदं बरं हाय."

"मुलं किती?"

"येक पोरगी. गावाकडं हाय, आजीजवळ."

भागीबाईने चहा घाईघाईने संपवला, बशी पदराने पुसली आणि पळत वावरात गेली. दोन दिवसांनी परत खुर्ची, परत कपबशी, परत "समदं बरं हाय". तिसऱ्यांदाही तेच.

आता मी तुम्हाला जे सांगते, ते दीपमालाला माहीत नव्हतं. भागीबाई असं म्हणत होती, त्या वेळी तिचं वीस दिवसांचं दुसरं बाळ माझ्या पायाशी, शेडात, रिकाम्या कॅरेटमध्ये गोणपाटावर झोपलेलं होतं. अंगावर तान्हं बाळ असलेल्या बाईला कुणी कामाला ठेवत नाही, असं तिच्या वाडीतल्या बायांनी तिला सांगून पाठवलं होतं. पाणी प्यायच्या निमित्ताने ती शेडात शिरायची, बाळाला पाजायची, आणि पुन्हा टोपली उचलायची. तिच्या अंगात ताप होता. माझ्या खुराला पाठ टेकली की मला तो कळायचा.

आणि दुसरी गोष्ट. आमच्या शिवारात मजुरांनी चहा प्यायचा तो बांधावर, उकिडवं बसून, स्टीलच्या पेल्यात. खुर्ची आणि कपबशी त्यांना मिळते ती फक्त एकदा. हंगाम संपला, आता तुम्ही गावाला निघा, हे सांगायच्या दिवशी. ही आमच्याकडची रीत. चांगली की वाईट, ते तुम्ही ठरवा. मजुरांना निरोप द्यायचं काम कायम रंगूबाईचं, त्यामुळे नाशिक रोडच्या दीपमालाला ही रीत ठाऊक नव्हती. पुस्तकात लिहिलं होतं, समोरच्याला बरोबरीने बसवा, मान द्या. तिने दिला.

तिसऱ्या भेटीनंतर शेडात भागीबाई पुंजाला म्हणाली, "परत कपबशी. आता काढत्यात आपल्याला."

"तू काय बोललीस?"

"बरं हाय म्हनलं. तान्ह्याचं सांगितलं असतं तर आजच काढलं असतं."

मी ऐकलं. मला तोंड नाही, हे खरं. पण तोंड असतं तरी मी बोलले नसते, हेही खरं.

तोंड होतं ते रंगूबाईला. तिच्या नजरेतून काय सुटतं? एका दुपारी ती माझ्या कडेवर टेकली आणि हसली. "तान्हं हाय हिला. पोलकं भिजतंय दुपारपर्यंत. आन् ती शहाणी कपबशी देऊन विचारती, झोप लागती का!" मग "सांगावं का?" असं स्वतःशीच म्हणाली. "कशाला? दीड वर्ष ऐकायला शिकलीय ना, ऐकू दे."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! सगळ्या दोऱ्या सैलावल्या.

बुधवारी संध्याकाळी पडवीतून लॅपटॉपमधल्या मॅडमचा आवाज आला. "दीपमाला, तीन भेटींच्या नोंदी आहेत आणि तिन्हीत फक्त 'बरं आहे'. याला केस म्हणत नाहीत. शनिवारपर्यंत पूर्ण झाली नाही, तर तोंडी परीक्षेला बसता येणार नाही. मग हे सगळं पुढच्या वर्षी."

लॅपटॉप मिटला. ललितने आईकडे पाहिलं. रंगूबाई लसूण सोलत होती. "मी काय बोलले व्हते, ते ध्यानात हाय ना?" एवढंच म्हणाली.

दीपमाला म्हणाली, "आहे." आणि उठून भाकऱ्या थापायला गेली.

मी शेडात हिशेब मांडला. शनिवार गेला की टेबल जाणार. टेबल गेलं की पडवीतलं सामान पडवीत, आणि मी पुन्हा चिकूच्या सावलीत. तीन दिवसांचाच प्रश्न होता.

शुक्रवारी दुपारी पुंजाने खोपीवरचा प्लॅस्टिकचा कागद काढून घडी घातला. भागीबाई शेडात येऊन बाळाला फडक्यात गुंडाळत होती, तेवढ्यात फाइल घेऊन दीपमाला दारात आली.

"भागीबाई, कुठं निघालात?"

"गावाला, वैनी. तुमी सांगायच्या आत आमीच निघतो."

"मी काय सांगणार होते?"

भागीबाईने फडक्यातलं गाठोडं छातीशी ओढलं. तिच्या हातातलं गाठोडं रडलं. बारीक, दमलेलं रडणं. दीपमाला त्या गाठोड्याकडे बघतच राहिली. फाइलमधले कागद घसरून खाली पडले, तेही तिने उचलले नाहीत.

तिच्यामागे रंगूबाई येऊन उभी होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, गप्प राहा बाई, एवढी एक दुपार गप्प राहा. ती दोघं एकदा फाट्यावर पोचली, की सगळं आपल्या मनासारखं होणार आहे.

रंगूबाईने पुढे होऊन बाळ घेतलं. मग भागीबाईच्या कपाळाला हात लावला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"अगं ए मोठ्या कॉलेजाच्या!" ती दीपमालावर कडाडली. "हिला कपबशीतून चहा कुणी द्यायला सांगितला व्हता?"

"आई, मान द्यावा म्हणून..."

"मान! आपल्याकडं मजुराला कपबशी दिली म्हंजे उद्या नीघ असं असतं. तीनदा घालवलंस तू तिला! म्हणून ती तोंड उघडंना."

दीपमालाचा चेहरा पांढरा पडला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

रंगूबाईने बाळाच्या डोक्यावरचं फडकं सारखं केलं. 

"व्हतं," ती म्हणाली. "धा दिवस झाले."

एवढं बोलून तिने बाळ दीपमालाच्या हातात दिलं आणि माझ्यावरचे कॅरेट उचलून बाहेर फेकायला लागली. सहाच्या सहा. वाकळ आणून अंथरली. "भागे, बस हितं."

"नाय आजी. मालकाच्या बाजंवर कशी बसू?"

"बाळंतिणीची बाज हाय ही. बस म्हणते ना!"

भागीबाई बसली. मित्रांनो, तलाठ्यापासून व्यापाऱ्यापर्यंत कोण कोण माझ्यावर बसलं ते मी मघाशी फुशारकीने सांगितलं. मजूर बाई एकही नव्हती, हे सांगायचं राहिलं होतं. तोवर ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. ती इतकी हलकी होती की माझी दोरी करकरलीसुद्धा नाही. ही बाई दहा दिवस माझ्या खुराला टेकून ताप काढत होती, तिचं पोर माझ्याखाली कॅरेटमध्ये निजत होतं, आणि मी वर मोकळीक कधी मिळेल याचे दिवस मोजत होते.

दीपमालाने खाली पडलेले कागद गोळा केले. रंगूबाई म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. शेवंतीची टोपली आण."

दीपमाला जमिनीवर बसली आणि ओवायला लागली. प्रश्न नाही, फाइल नाही. एक हार झाला. दुसरा निम्मा झाला, तेव्हा भागीबाई बाळाकडे बघत बोलायला लागली. दहा-बारा दिवसांपासून ताप आहे. दूध आटत चाललंय. गावचा दवाखाना लांब, इथला माहीत नाही. पुंजाला सांगितलं असतं तर तो तेव्हाच काम सोडून निघाला असता, आणि काम सोडलं तर खायचं काय? मोठी पोरगीही तिकडेच अडकली आहे. सगळं सांगून झालं तरी दीपमालाने मान वर केली नव्हती. शेवटचं फूल ओवून तिने सुई खोचली.

"आत्ता दवाखान्यात जाऊ या का? मी येते सोबत. आणि तुमचं काम जाणार नाही." मग तिने रंगूबाईकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघती? नाय जाणार म्हणाली ना तू? मग नाय जाणार."

ललितने फुलांचा टेम्पो काढला. सरकारी दवाखान्यात औषध सुरू झालं, पाच दिवस इंजेक्शनं झाली. बाळाला लस दिली. दीपमाला रोज सोबत गेली. ताप उतरेपर्यंत भागीबाईने तोडा करायचा नाही, शेडात माझ्यावर बसून हार ओवायचे, असं ठरलं.

दवाखान्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी दीपमालाने लिहिलेले कागद पिशवीत भरले, तेव्हा रंगूबाई दारात आडवी आली. "माझं नाव टाकलंस का?"

"केसमध्ये कुणाचंच खरं नाव टाकत नाहीत, आई. भागीबाईंचंही बदललंय. विश्वासाने सांगितलेलं असतं ना."

"तिचं गुपित हाय, तिचं बदल. माझं काय गुपित हाय?"

दीपमालाने चप्पल घालता घालता तिच्याकडे पाहिलं. "दहा दिवस माहीत होतं, ते टाकू?"

रंगूबाई दारातून बाजूला झाली.

तोंडी परीक्षा पुढच्या आठवड्यात लॅपटॉपवरच झाली. परीक्षक बाईंनी विचारलं, "या केसमध्ये तुमच्या हातून सर्वांत मोठी चूक काय झाली?"

"मी मान माझ्या पद्धतीने दिला," दीपमाला म्हणाली. "तिथं त्याचा अर्थ काय होतो, ते आधी विचारलं नाही. आमच्या सासूबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. त्या दुसरी शिकलेल्या आहेत."

पडवीच्या दारामागून आवाज आला, "तिसरीत पण व्हते. श्रावणापर्यंत."

परीक्षक बाई हसल्या म्हणे. दीपमाला पास झाली. वर्ष वाचलं आणि टेबल पडवीतच राहिलं.

तुम्हाला वाटेल, आता माझा मत्सर गेला असेल. गेला नाही. पुंजा आणि भागीबाई हंगाम संपल्यावर गावाला गेले आणि मला पुन्हा अंगणात आणलं. पण परवाचीच गोष्ट ऐका. शेजारच्या मळ्यातली लंकाबाई डोळे पुसत आली. रंगूबाई माझ्यावर हार ओवत बसली होती. माझ्या दोऱ्या ताणल्या गेल्या, म्हटलं आली, आपली बाई आली!

"दीपमाला हाय का घरात?" लंकाबाईने विचारलं.

"शनिवार हाय, कॉलेजात गेलीय. काय झालं? मला सांग की."

लंकाबाई घुटमळली. "नको. तिलाच सांगते."

मला वाटलं, आता रंगूबाईच्या तोंडाची तोफ उडणार.  चिकूवर साळुंक्या भांडत होत्या, त्यांच्याकडे ती बराच वेळ बघत बसली. मग टोपली उचलून मांडीवर घेतली आणि माझ्यावरची अर्धी जागा मोकळी केली.

"बस मग. येईल पाचच्या गाडीनं. तवर हार ओव."

पाच वाजेपर्यंत दोघी ओवत बसल्या. रंगूबाईने एक प्रश्न विचारला नाही. किती जड गेलं तिला ते, माझ्या दोरीला विचारा.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूवर आणि जुन्या माणसावर ओझं रचण्याआधी त्यांना काय काय येतं ते एकदा विचारा. आम्हाला राग येतो, आणि रागात आम्ही माहीत असलेलं सांगत नाही. त्याचा भार आमच्यावर पडत नाही. तो पडतो कुणा भागीबाईवर.